शीट चिकटवण्याआधी आवाज ओळखा

गाडीतल्या आवाजावर एवढे प्रश्न साठलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सुट्टीत लोक गाड्या घेऊन तुळजापूर, पंढरपूर, पुणे, हैदराबाद फिरून आले आणि बहुतेकांची तक्रार एकच, गाडीत एकमेकांचं बोललेलं ऐकू येत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त भाग दिलाय.

सर, माझी पाच वर्षं जुनी हॅचबॅक आहे. पुण्याला नेहमी जाणं असतं. ऐंशीच्या पुढं गेलं की खालून सारखा हूंऽऽ असा आवाज यायलाय, मागं बसलेल्या मुलांशी ओरडून बोलावं लागतं. अॅक्सेसरीजवाल्यानं पूर्ण गाडीला डॅम्पिंग, म्हणजे आवाज कमी करायला पत्र्याला आतनं चिकट शीट लावायचे ३५ हजार सांगितलेत. करून घेऊ का? (जुळे सोलापूर)

आत्ता लगेच नका करू. ३५ हजार ही लहान रक्कम नाही आणि त्यातले निम्मे तरी तुमचे वाचू शकतात असं मला वाटतं, फक्त आधी आवाज कुठला ते बघावं लागेल.

गाडीत येणारा आवाज एक नसतो हो. टायर आणि रस्त्याचा एक, वाऱ्याचा एक, इंजिनचा एक, आणि चौथी ती सैल झालेल्या वस्तूंची खडखड. प्रत्येकाचं औषध वेगळं. डॅम्पिंग शीट पहिल्यावर बऱ्यापैकी चालते, दुसऱ्या तिसऱ्यावर थोडी, आणि खडखडीवर जवळजवळ नाहीच. दुकानात हे कोणी सांगत नाही कारण तिथं एकच माल विकायला ठेवलेला असतो.

आता पुढच्या वेळी पुणे रोडला लागलात की रस्ता मोकळा बघून ७०-८० चा स्पीड एकसारखा धरा, एसी आणि गाणी बंद करा आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलतो तिथं कान द्या. डांबरावरनं काँक्रीटवर गेलात, किंवा नुकतंच कार्पेट केलेला पट्टा लागला आणि आवाज एकदम बदलला, तर तो टायरचाच. स्पीड तोच ठेवून एक गिअर खाली घेतला आणि आवाज वाढला तर इंजिनचा. वाऱ्याचा असेल तर रस्ता कसाही असो त्याला फरक पडत नाही, स्पीडसोबत वाढतो आणि शेजारनं ट्रक गेला किंवा आडवा वारा लागला की बदलतो. वाऱ्याची खात्री करायची तर मागं कोणाला न बसवता मागच्या दोन्ही दारांच्या फटींवर बाहेरनं मास्किंग टेप लावून एक फेरी मारा, आवाज कमी झाला तर दाराचं रबर बघायला पाहिजे, शीट नाही.

आणखी एक, हे विसरू नका. हूं असा आवाज मोठ्या सलग वळणावर कमीजास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. गाडी डावीकडं वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे डाव्या वळणावर आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग आधी तपासायचं. बेअरिंग जायला आलेल्या गाडीला डॅम्पिंग करणं म्हणजे आवाज झाकून धोका तसाच ठेवणं, त्यामुळं हे आधी मेकॅनिककडून बघून घ्या.

तुमच्या वर्णनावरनं मला तरी टायरचा आवाज वाटतोय. गाडी पाच वर्षांची, टायर पहिलेच असतील तर आता कडक झाले असणार. टायरवरनं तळहात फिरवा, एकदा पुढनं मागं आणि मग मागनं पुढं. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं हाताला दाते लागले की समजा टायर वाकडा झिजलाय, आणि असा टायर बेअरिंग गेल्यासारखाच घुमतो. रोटेशन म्हणजे टायरची पुढंमागं अदलाबदल वेळेवर केली नाही, अलाइनमेंट म्हणजे चाकांचा कोन बिघडला की हे होतं आणि एकदा झिजल्यावर अलाइनमेंट करून तो आवाज जात नाही, फक्त पुढची झीज थांबते. हवेचं पण बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळ पट्टीवर स्टिकर असतो त्यावर आकडा दिलाय, तेवढीच, तीही टायर थंड असताना. बरेच पंक्चरवाले सवयीनं चारपाच पीएसआय जास्त मारतात आणि मग गाडी दगडासारखी आपटते. नायट्रोजन भरल्यानं आवाज कमी होतो असं कोणी सांगितलं तर पैसे खिशात ठेवा.

एवढं सगळं करून, टायर बदलायचे असतील तर बदलून, त्यानंतरही आवाज खटकत असेल तर मग डॅम्पिंग. आणि ते काय करतं ते समजून घ्या म्हणजे कुठं लावायचं ते आपोआप कळेल. जेवणाच्या स्टीलच्या ताटावर चमचा मारा, खण्ण करून वाजत राहतं. त्याच ताटाला एक बोट टेकवून परत मारा, आवाज तिथंच मरतो. शीट पत्र्याला हेच करते. खाली चिकट ब्यूटाइल रबरचा थर आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल, पत्रा थरथरला की मधलं रबर पत्रा आणि फॉइलच्या मधे ताणलं पिळलं जातं आणि ती थरथर किंचित उष्णतेत जिरते. त्यामुळं पत्रा संपूर्ण मढवायची गरजच नाही. मोकळ्या, सपाट भागाच्या मधोमध पाव ते निम्मा भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. पूर्ण मढवलं की पैसे आणि वजन दुप्पट, शांतता दुप्पट नाही.

मात्र हवेतनं येणारा आवाज शीट अडवत नाही. त्याला जड आणि सलग, फट नसलेला थर लागतो. पत्र्यावर शीट, त्यावर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हिनाइल असे तीन थर मोठ्या शहरातले लोक करतात ते यासाठी. नुसता पाच सहा मिलिमीटरचा फोम चिकटवला तर वरचा सूंसूं आवाज थोडा जातो, खालचा हूं तसाच राहतो, कारण खालच्या पट्टीतल्या आवाजाला पातळ फोम काहीच करू शकत नाही.

तुमच्या हॅचबॅकला मी म्हणेन मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ आधी करा. हॅचबॅकमधे डिकी वेगळी बंद नसते, मागच्या चाकांचा सगळा आवाज सरळ केबिनमधे येतो, आणि नेमकी तुमची मुलं तिथंच बसतात. त्यानंतर चार दारं. सगळी सीटं काढून फरशी करायची ती सगळ्यात शेवटी, मजुरी तिथंच जास्त जाते. अपेक्षा पण नीट ठेवा. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, अशा कामातनं दोनचार मिळाले तरी चांगलं काम झालं. पण आवाजाचा खरखरीतपणा जातो, दार लावताना ठप्प असा भरीव आवाज येतो आणि लांबच्या प्रवासात डोकं कमी दुखतं, हे खरंय.

हार्डवेअरच्या दुकानात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची फॉइलवाली चिकट पट्टी मिळते, दिसायला अगदी तीच आणि किंमत चौथाई. ती चालेल का? (विजापूर रोड)

आपल्याकडं नाही चालणार. त्यातल्या बऱ्याच पट्ट्या डांबरी असतात. एप्रिल मे मधे सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा, त्यात गाडी काळी असेल तर, हात ठेवता येत नाही इतका तापतो. तिथं हे डांबर मऊ पडतं, घसरतं, दाराच्या आत खाली गोळा होतं आणि गाडीत डांबराचा वास सुटतो तो काही केल्या जात नाही. काढायला गेलं की हात, पत्रा, सीट सगळं काळं. शिवाय गच्चीच्या पट्टीची फॉइल कागदासारखी पातळ असते, डॅम्पिंगला ती फॉइल थोडी कडक लागते नाहीतर मधलं रबर ताणलंच जात नाही.

कंपनीतनं येणाऱ्या गाडीच्या तळाला पण डांबरी पॅड असतात असं तुम्ही म्हणाल. असतात, पण ते त्याच कामासाठी बनवलेले असतात आणि रंगाच्या भट्टीत पत्र्यावर भाजून बसवलेले असतात. ते वेगळं.

विकत घेताना ब्यूटाइल लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, एक तुकडा मागून घ्या. नाकाजवळ धरा, डांबराचा वास आला तर परत द्या. मग घरी पत्र्याच्या तुकड्यावर दाबून चिकटवा, उभा करून दोनतीन दिवस गच्चीत भर उन्हात ठेवा. खाली सरकला नाही, कडेनं काळं गळलं नाही, तर घ्या. हे उन्हाळ्यात करा, डिसेंबरात सगळेच माल चांगले वाटतात.

आमचा चादरी टॉवेलचा कारखाना आहे, चिंधी आणि सूत भरपूर पडून असतं. कापूस आवाज शोषतो म्हणतात, मग तेच दारात आणि खाली भरलं तर? मुलगा म्हणतो करूया. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

तुमच्या मुलाचा विचार चुकीचा नाही. गाड्यांच्या कार्पेटखाली जो करड्या रंगाचा जाड नमदा असतो तो बऱ्याच वेळा जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून दाबून केलेलाच असतो. कापूस, ज्यूट, असलं तंतूंचं काहीही हवेतला आवाज जिरवतं, त्यात शंका नाही.

पण दारात अजिबात नको. दाराच्या काचेजवळचं रबर पावसाचं सगळं पाणी अडवत नाही, ते काचेवरनं दाराच्या आत उतरतं आणि तळाला असलेल्या भोकांतनं बाहेर जातं. दार बनवलंच तसं आहे. तिथं चिंधी भरली की ती पाणी धरून ठेवणार, भोकं बुजणार, दोन पावसाळ्यांत दाराचा तळ आतनं गंजून फुगणार आणि वास येणार तो वेगळाच. त्यात उंदीर. सोलापुरात उभ्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्याच्या तक्रारी दर महिन्याला येतात, त्यांना मऊ कोरडं बिछानं तुम्हीच घालून द्यायचं का?

बॉनेटखाली पण नको, तिथं एक्झॉस्ट तापतो आणि सुती माल पेट घेतो.

कोरडी जागा म्हणजे डिकीत स्टेपनीच्या वर जी फळी असते तिच्या खाली, आणि मागच्या कमानींवरच्या प्लॅस्टिकच्या आत. तिथं सुट्टी चिंधी नाही, शिवलेली गादी करून घाला, म्हणजे काढून वाळवता येते आणि सीट बेल्टच्या यंत्रात धागे अडकत नाहीत. आधी पत्र्यावर ब्यूटाइल, मग वर तुमची गादी. पैसे वाचतात आणि काम पण नीट होतं. झाल्यावर कळवा, मला खरंच बघायला आवडेल.

डॅशबोर्डमधनं टिकटिक येते. शोरूमला तीनदा नेली, प्रत्येक वेळी "आवाज आला नाही" लिहून परत दिली. वेड लागायची पाळी आलीये. (सात रस्ता)

तुमचा त्रास समजतोय. शोरूममधे गाडी सपाट फरशीवर उभी असते आणि चालवून बघायचं तर समोरच्या चांगल्या रस्त्यावर एक चक्कर, तिथं कुठला आवाज येणार. सर्व्हिस अॅडव्हायझरला शेजारी बसवून, जिथं आवाज येतो त्याच रस्त्यावर न्या. त्याआधी घरच्या घरी शोधायचा प्रयत्न करा, बहुतेक वेळा सापडतो.

पहिली गोष्ट, गाडी रिकामी करा. अगदी रिकामी. ग्लोव्हबॉक्समधली कागदं, नाणी, चष्म्याचा डबा, दाराच्या खणातल्या बाटल्या, देवाची मूर्ती, आरशाला टांगलेली माळ, डिकीतला जॅक आणि पाना. निम्मे आवाज इथंच संपतात. मग गाडी दुसऱ्याला चालवायला द्या, खराब रस्त्यावर हळू, २०-३० ने, आणि तुम्ही शेजारी बसून एकएक भाग हातानं दाबत जा. एसीची जाळी, स्क्रीनची कड, मीटरचं झाकण, काचेखालची पट्टी, ए पिलरचं म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर. ज्याला दाबल्यावर आवाज थांबला तो चोर. चालवता चालवता स्वतः दाबत बसू नका.

कान फसवतात हे पण लक्षात असू द्या. डॅशमधनं येतोय असं वाटतं आणि निघतो वायपरखालच्या प्लॅस्टिक जाळीतनं किंवा बॉनेटच्या रबरी गुटक्यातनं. पुढची काच बदलली असेल आणि त्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर ती जाळी आणि तिच्या क्लिपा आधी बघा. मागनं येणारी खडखड बऱ्याच वेळा नंबर प्लेटची असते, नाहीतर रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर आपटत असतं, नाहीतर डिकीवरचा पार्सल ट्रे.

आता आवाजाची जात बघा. टिकटिक, खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे, बहुतेक क्लिप तुटलीये. क्लिप नवीन घाला, किरकोळ पैशात मिळते. किरकिर, चरचर म्हणजे दोन प्लॅस्टिकं एकमेकांवर घासतायत, तिथं मधे कापडी टेप. वायरिंगवर गुंडाळतात ती लोकर असलेली काळी टेप मिळते, कडेवर एक पट्टी लावली की बास. सकाळी गार असताना आवाज येतो आणि दुपारी जातो, किंवा उलटं, तर प्लॅस्टिक तापून प्रसरण पावतंय म्हणून, तिथं पण हीच टेप. दाराचं रबर कुरकुरत असेल तर स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, गंज सोडवायचे स्प्रे रबरावर मारू नका, रबर फुगतं.

डॅशबोर्डला स्क्रू मारून आवळायला कोणी निघालं तर हात धरा त्याचा. मागं एअरबॅग आहे, पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की तिथनं हात मागं घ्यायचा आणि ते काम शोरूमलाच द्यायचं.

सीएनजी किट बसवल्यापासनं डिकीत दणका बसल्यासारखा आवाज येतो. सिलिंडरभोवती फोम कोंबला तर चालेल ना? (मजरेवाडी)

नाही. फोम कोंबू नका आणि थांबू पण नका. सिलिंडर हलतोय की नाही हे ज्यांनी किट बसवलं त्या अधिकृत सेंटरमधे जाऊन याच आठवड्यात बघून घ्या. पट्टा आणि सिलिंडरच्या मधलं रबर झिजलं किंवा सरकलं की लोखंडावर लोखंड घासतं, ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात. स्वतः पाना लावून आवळू नका. व्हॉल्व्हवर जे आवरण आणि नळी असते ती गॅस गळलाच तर गाडीबाहेर न्यायला असते, ती फोमनं दाबली गेली किंवा निघाली तर गॅस डिकीत साठेल. जाताय तर सिलिंडरच्या तपासणीची तारीख पण बघा, दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. बोल्ट रबर सगळं ठीक निघालं आणि तरी डिकी घुमत असेल तर तळाच्या पत्र्याला शीट लावा, सिलिंडरपासनं लांब.

स्पीडब्रेकरवर हळू गेलं तरी पुढनं टक् टक् येतं. डॅम्पिंगनं जाईल? (बाळे)

जाणार नाही. सस्पेन्शनचे भाग मेकॅनिककडून लिंक रॉड, आर्मचे बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग, या क्रमानं तपासून घ्या. लिंक रॉड स्वस्त असतो आणि बऱ्याच वेळा तोच निघतो.

वडिलांना श्रवणयंत्र आहे. गाडीत बसले की यंत्र काढून ठेवतात, म्हणतात नुसता गोंगाट वाढतो. दर महिन्याला त्यांना बार्शीला दवाखान्यात न्यावं लागतं, सगळ्या वाटेत गप्प बसून असतात. गाडी शांत करता येईल का? (होटगी रोड)

ताई, येईल, आणि बराचसा फरक एक रुपया न घालता पडेल. वडिलांना मागं बसवत असाल तर पुढं बसवा. मागची सीट मागच्या चाकांना चिकटून असते, पुढं टायरचा आवाज कमी पोचतो, शिवाय तुमचा चेहरा बाजूनं तरी दिसतो. काचा पूर्ण बंद आणि एसीची हवा आतल्या आत फिरणाऱ्या बटणावर ठेवा, मात्र लांबच्या प्रवासात मधे मधे थोडा वेळ बाहेरची हवा येऊ द्या. पंखा एक किंवा दोनवर. चारवर फिरणारा पंखा ६० च्या स्पीडला टायरपेक्षा जास्त त्रास देतो आणि त्याची झोत थेट यंत्राच्या माइकवर आली तर यंत्रात नुसता घुंईऽ आवाज भरतो, म्हणून त्यांच्या बाजूची जाळी छातीकडं किंवा खाली वळवा. स्पीड ८० चा ६० केला तर टायरचा आवाज तीनचार डेसिबलनं उतरतो, एवढं तर हजारो रुपयांच्या शीटनं पण अवघड आहे. बार्शीपर्यंत थोडी मिनिटं जास्त लागतील, जाऊ द्या.

यंत्र बसवणाऱ्याला गाडीतला त्रास सांगा. आजकालच्या बऱ्याच यंत्रांत गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून देता येतो. आणि पैसे घालायचेच झाले तर पुढची दोन दारं आणि मागच्या कमानी, एवढंच. दाराचं रबर कुठं दबलंय का ते कागदाची पट्टी दारात धरून बघा, दार लावल्यावर पट्टी सहज सरकली तर तिथनं आवाज येतोय.

दारांचं काम घरी करता येतं का? व्हिडिओ बघितलेत, सोपं वाटतं. (दयानंद कॉलेज परिसर)

येतं, हातात दिवसभराचा वेळ आणि सावली असली की. पहिलं दार करताना घाई करू नका, तिथं शिकायचंय.

काच पूर्ण वर घ्या. हँडलच्या खोबणीत आणि छोट्या झाकणांखाली स्क्रू लपलेले असतात, ते सगळे निघाल्याशिवाय ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं कव्हर ओढू नका. ओढायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, पेचकसानं रंग जातो. ट्रिम सुटली की लगेच खेचू नका, मागं वायर आणि हँडलची केबल असते. आत एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट दोरीनं लावलेला दिसेल, तो फाडायचा नाही, हळूहळू सोडवून बाजूला करायचा आणि शेवटी परत तसाच बसवायचा. तो काढून टाकला की पहिल्याच पावसात पाणी पायाखाली येतं.

मोठ्या भोकातनं हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू पुसायची. इथंच बरेच लोक आळस करतात. सोलापूरची धूळ दारात बोटभर साठलेली असते, त्यात कंपनीनं मारलेलं मेण. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, फडकं पांढरं निघेपर्यंत. नाहीतर शीट धुळीला चिकटते, पत्र्याला नाही. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे करा, भोकातनं आत जातील असे. आडवा लोखंडी बार असतो तो सोडून वर खाली मोकळ्या पत्र्यावर लावा आणि रोलरनं जीव लावून दाबा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. हीट गनची आपल्याकडं क्वचितच गरज, थंडीच्या सकाळी शीट थोडा वेळ उन्हात ठेवली की मऊ होते. भर उन्हाळ्यात मात्र उलटं, हाताला इतकी चिकटते की सरळ लागतच नाही. मग बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून बघा. शेजारच्या न केलेल्या दारावर टण येईल, इथं ठप्प. तिथंच थांबा, अजून शीट उरलीये म्हणून चिकटवत बसू नका.

दाराच्या तळाची भोकं उघडी आहेत का ते खाली वाकून बघा, बाटलीभर पाणी काचेवर ओता आणि ते खालून बाहेर येतं का बघा. काच एकदा पूर्ण खाली वर करा, कुठं अडकत नाही ना. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो, तो दिसला किंवा शंका आली तर आतल्या बाजूची भोकं शीटनं बंद करायला जाऊ नका, कारण तो दाराच्या आतल्या हवेच्या दाबावर चालतो. क्लिपा दहाबारा जास्तीच्या आधीच आणून ठेवा, जुन्या तुटतातच, आणि तुटकी क्लिप तशीच बसवली की नवीन खडखड तुमचीच.

पावसात छत पत्र्याच्या शेडसारखं वाजतं आणि उन्हात तापतं. छताला शीट लावली तर दोन्ही जाईल का? (शेळगी)

पावसाचा आवाज नक्की कमी होतो, छताच्या मधोमध थोडी शीट लावली तरी पुरते. उष्णतेसाठी मात्र नुसती शीट कामाची नाही, फॉइल दोन थरांच्या मधे दाबली गेली की तिची चमक वाया जाते. तिथं बंद छिद्रांचा फोम थोडा उपयोगी पडतो. पण छताचं अस्तर काढताना कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतात, हे घरी करायचं काम नाही. आणि छताला जड थर लावू नका, गाडीच्या सगळ्यात वरच्या जागी वजन नको.

वजन किती वाढतं, मायलेज पडतं का, वॉरंटी जाते का? आणि चांगला फिटर कसा ओळखायचा? (बरेच वाचक)

२ मिलिमीटरची ब्यूटाइल शीट एका चौरस मीटरला साधारण ३ ते साडेतीन किलो भरते. चार दारं आणि डिकी पाव ते निम्मं झाकून केलं तर दहाएक किलो होतात, मायलेजमधे जाणवणार नाही. अख्खी गाडी तीन थरांत मढवली तर पन्नासच्या पुढं जातं, मग एक माणूस कायम बसवून फिरताय असं समजा.

वॉरंटी फक्त शीट चिकटवल्यानं जाते असं नाही, पण वायर कापली, कनेक्टर तुटला, दारात पाणी शिरलं तर त्या भागाची तक्रार शोरूम नाकारू शकतं. म्हणून नवीन गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, शक्यतो लेखी.

फिटरकडं गेलात की तो पत्रा कशानं पुसतो ते बघा. कोरड्या फडक्यानं झटकून शीट लावायला लागला तर तिथनंच गाडी काढा. किती चौरस फूट माल लागणार ते आधी ठरवून घ्या, नाहीतर तो सगळं मढवून बिल करेल. सीट काढायची असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढतो का बघा, सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. आणि ट्रिम बंद करण्याआधी प्रत्येक दाराचा आतनं फोटो काढून घ्या, शीट कुठं लावली आणि तळाची भोकं उघडी ठेवली का, दोन्ही दिसतील असा.